चिरे ओळखीचे, दरजा अनोळखी: अकरावीच्या इंग्रजीतले न शिकवलेले शब्द

दहावीच्या निकालात कोकण विभाग राज्यात पहिला, ही बातमी आता इतकी नेहमीची झाली आहे की तिचे कुणाला फारसे आश्चर्य वाटत नाही. आश्चर्य वाटावे अशी गोष्ट त्यानंतर, पावसाळा सुरू झाला की घडते. मराठी माध्यमाच्या शाळेतून उत्तम गुण घेऊन आलेली मुले-मुली अकरावी विज्ञानाच्या वर्गात बसतात, आणि गणित-विज्ञानात कधीही न अडखळलेली हीच मुले पहिल्या चाचणीनंतर ‘प्रश्नच कळला नाही’ असे सांगत बाहेर येतात. घरी निष्कर्ष निघतो की इंग्रजी कच्चे आहे. मग मुंबईहून येणारा एखादा काका पाच हजार इंग्रजी शब्दांचे जाडजूड पुस्तक घेऊन येतो आणि ‘रोज वीस शब्द पाठ कर’ असे फर्मान सुटते. अशी जी पुस्तके माझ्या पाहण्यात आली, त्यांतल्या बहुतेकांची पहिली पंधरा-वीस पाने मळलेली आणि पुढची कोरी करकरीत होती.

दोष मुलांच्या चिकाटीचा नाही. कोणते शब्द अडतात याचा शोध न घेताच शब्द शिकायला बसवले, तर याहून वेगळे काही होण्याची शक्यता नसते.

अडते ते नेमके कुठे?

रसायनशास्त्रातला एक साधा प्रश्न घेऊ: ‘अझ्यूमिंग दॅट द टेंपरेचर रिमेन्स कॉन्स्टंट, डिराइव्ह द रिलेशन बिट्वीन प्रेशर अँड व्हॉल्यूम.’ हा प्रश्न ज्याला कळला नाही त्या मुलाला एकेक शब्द विचारून पाहा. टेंपरेचर म्हणजे तापमान, प्रेशर म्हणजे दाब, व्हॉल्यूम म्हणजे आकारमान, हे तो झोपेतही सांगेल, कारण हे शब्द शिक्षकांनी फळ्यावर लिहून, व्याख्येसकट शिकवलेले असतात. तो अडतो ‘अझ्यूमिंग’पाशी आणि ‘डिराइव्ह’पाशी. पहिल्याचा अर्थ ‘गृहीत धरून’ आणि दुसऱ्याचा ‘आधीच्या माहितीवरून काढून दाखवा’. एवढे कळले की आपल्याला बॉइलचा नियम विचारला आहे हे त्याच्या लगेच ध्यानात येते, आणि तो नियम त्याला येतच असतो.

आपल्याकडे जांभ्याच्या चिऱ्यांची भिंत चढत असताना पाहणाऱ्याची नजर चिऱ्यांवर असते. भिंत मात्र उभी राहते ती दोन चिऱ्यांमधल्या दरजेत भरलेल्या मालावर; माल न घालता नुसते दगडावर दगड रचले तर त्याला आपण भिंत म्हणत नाही, गडगा म्हणतो. पाठ्यपुस्तकातल्या संज्ञा म्हणजे चिरे, आणि ‘अझ्यूम’, ‘डिराइव्ह’, ‘इंडिकेट’, ‘कॉन्स्टिट्यूट’, ‘व्हेअरॲज’, ‘सब्सिक्वेंट’, ‘हेन्स’ हे शब्द म्हणजे दरजेतला माल. रोजच्या बोलण्यात ते फारसे येत नाहीत आणि एखाद्याच शास्त्राचेही नसतात; पण भौतिकशास्त्राचे पुस्तक असो, अर्थशास्त्राचे असो किंवा कायद्याचे, प्रत्येक पानावर ते हजर असतात.

‘रिस्पेक्टिव्हली’ हा असाच एक शब्द. त्यात ‘रिस्पेक्ट’ दिसतो म्हणून त्याचा अर्थ ‘आदरपूर्वक’ असा लावणारी हुशार मुले मी पाहिली आहेत. ‘अनुक्रमे’ हा त्याचा अर्थ सांगितल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर येणारे भाव पाहण्यासारखे असतात, कारण ‘अनुक्रमे’ हा शब्द त्यांनी मराठी गणिताच्या पुस्तकात शेकडो वेळा वाचलेला असतो. त्यांच्याकडे कल्पना होती, फक्त तिचे इंग्रजी नाव त्यांना कुणी सांगितले नव्हते.

शब्द मोजायचे कसे आणि लागतात किती?

इथे एकच पारिभाषिक शब्द समजून घ्यावा लागेल, तो म्हणजे ‘शब्दकुल’. ‘ॲनलाइझ’, ‘ॲनॅलिसिस’, ‘ॲनॅलिटिकल’, ‘ॲनॅलिस्ट’ हे चार वेगळे शब्द न मानता एकाच घरातली माणसे मानली, तर ते एक शब्दकुल झाले. एक ओळखीचा झाला की बाकीच्यांशी ओळख करून घेणे सोपे जाते, म्हणून अभ्यासक शब्दांऐवजी शब्दकुले मोजतात.

मायकेल वेस्ट यांनी १९५३ साली इंग्रजीतल्या सर्वांत उपयोगी अशा सुमारे २,००० शब्दकुलांची यादी प्रसिद्ध केली. पुढे न्यूझीलंडमधील ॲव्हरिल कॉक्सहेड या संशोधिकेने कला, वाणिज्य, कायदा आणि विज्ञान या चार शाखांतील सुमारे ३५ लाख शब्दांचा मजकूर तपासला आणि एक नेमका प्रश्न विचारला: वेस्ट यांच्या यादीत नसलेले, तरीही चारही शाखांत वारंवार भेटणारे शब्द कोणते? २००० साली प्रसिद्ध झालेले तिचे उत्तर ५७० शब्दकुलांचे होते. तपासलेल्या मजकुरातला सुमारे ७६ टक्के भाग वेस्ट यांच्या यादीने व्यापला होता आणि सुमारे १० टक्के भाग या ५७० शब्दकुलांनी. उरलेल्यात त्या त्या शास्त्राच्या संज्ञा, विशेषनामे आणि क्वचित भेटणारे शब्द होते.

दहा टक्के ही संख्या लहान वाटेल, पण पुस्तकाच्या ओळीत साधारण दहा-बारा शब्द असतात. म्हणजे दरजेतले हे शब्द येत नसतील, तर जवळजवळ प्रत्येक ओळीत एकदा ठेच लागणार. गच्च भरलेल्या एसटीत मागून पुढे जाताना प्रत्येक पावलाला ‘जरा सरका’ म्हणावे लागले तर उतरायचे ठिकाण निघून जाते, तसे वाक्याच्या शेवटाला पोहोचेपर्यंत त्याची सुरुवात डोक्यातून निघून गेलेली असते.

इंग्रजी कादंबरी किंवा वर्तमानपत्र कोणाच्या मदतीशिवाय सहज वाचायचे तर ८,००० ते ९,००० शब्दकुले यावी लागतात, असा अंदाज पॉल नेशन या अभ्यासकाने २००६ साली मांडला. हा पल्ला अनेक वर्षांचा आहे आणि वाचनानेच गाठता येण्यासारखा आहे. अकरावीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या मुलाने त्याकडे पाहून घाबरण्याचे कारण नाही. त्याच्या समोरचा आकडा ५७० चा आहे, आणि त्यातही ‘एरिया’, ‘कॉम्प्यूटर’, ‘जॉब’ यांसारखे कितीतरी शब्द त्याला आधीपासून येतात. पाच हजारांचे पुस्तक म्हणजे रापण, किनाऱ्यावरून ओढायचे भले मोठे जाळे. ती ओढायला सगळा गाव लागतो, आणि किनाऱ्यावर आल्यावर तीत हवे ते, नको ते सगळेच असते. एकट्या माणसाने गरी टाकावी, आणि मासा कुठे लागतो हे ठाऊक असलेल्या जागी टाकावी.

मग हे शब्द कुणी शिकवत का नाही?

कारण ते कुणाच्याच वाट्याला आलेले नाहीत. इंग्रजीच्या तासाला धडे, कविता आणि व्याकरण असते. विज्ञानाच्या शिक्षकांना वाटते की ‘डिराइव्ह’ शिकवणे हे इंग्रजीच्या शिक्षकांचे काम आहे. मुलालाही तो शब्द विचारण्याची लाज वाटते, कारण अवघड संज्ञा विचारण्यात कमीपणा नसला तरी किरकोळ दिसणारा शब्द विचारण्यात असतो.

काही शब्द तर ओळखीचा चेहरा घेऊन येतात आणि फसवतात. ‘सोल्यूशन’ म्हणजे उत्तर हे मुलाला माहीत असते, पण रसायनशास्त्रात ते द्रावण असते. ‘करंट’ विजेचाही असतो आणि समुद्रातलाही. ‘कल्चर’ म्हणजे संस्कृती हे पाठ असलेल्या मुलाने ‘श्रिंप कल्चर’ वाचले की तो कोळंबीच्या संस्कृतीचा विचार करू लागतो. तिथे अर्थ संवर्धन असा आहे, आणि ते संवर्धन चालते ती खाजणातली तळी त्याच्या घरामागेच असू शकतात.

‘हात’ आणि ‘हस्त’

इंग्रजी ग्रंथभाषा परकी वाटते त्यामागे इतिहास आहे, आणि तो मराठी माणसाला चटकन कळेल असा आहे. आपण बोलताना ‘हात’ म्हणतो. पण लिहिण्या-वाचण्याच्या व्यवहारात ‘हस्ताक्षर’, ‘हस्तांतर’, ‘हस्तलिखित’ म्हणतो. घरातला शब्द तद्भव, कचेरीतला आणि ग्रंथातला तत्सम, अशी ही दुमजली रचना आहे. इंग्रजीतही तेच घडले. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर दरबाराची आणि कायद्याची भाषा फ्रेंच झाली, विद्वत्तेची भाषा लॅटिन होतीच, आणि त्या दोहोंतून हजारो शब्द इंग्रजीच्या वरच्या मजल्यावर जाऊन बसले. तळमजल्यावर ‘हँड’ राहिला. वरच्या मजल्यावर हात या अर्थाच्या ‘मानुस’ या लॅटिन शब्दापासून ‘मॅन्युअल’, ‘मॅनिप्युलेट’, ‘मॅन्युस्क्रिप्ट’ आले. यांतला ‘मॅन्युस्क्रिप्ट’ म्हणजे अक्षरशः ‘हस्तलिखित’: हात आणि लिहिणे, दोन्ही भाषांत तेच दोन तुकडे जोडलेले.

म्हणून शब्द शिकताना त्याचे तुकडे पाडण्याची सवय फार उपयोगी पडते. ‘सब्सिक्वेंट’, ‘सीक्वेन्स’, ‘कॉन्सिक्वेन्स’ या तिन्हींत ‘मागोमाग येणे’ या अर्थाचे एकच मूळ आहे. ‘डेंटल’मधला दात आणि आपला ‘दंत’, ‘पेडल’मधला पाय आणि आपला ‘पद’, ही तर दूरची भावकी. संस्कृत आणि लॅटिन या भाषा एकाच प्राचीन कुळातल्या असल्यामुळे ती जुळते. मात्र इथे एक सावधगिरी बाळगावी. आवाज जुळला म्हणजे नाते जुळले असे नसते. ‘मँगो’ आणि ‘मँग्रोव्ह’ यांचा हाताशी काही संबंध नाही. ‘मँगो’ तर दक्षिणेतल्या भाषांतून पोर्तुगीजांच्या जहाजावर चढून इंग्रजीत गेला. तुकडे पाडून केलेला अंदाज शब्दकोशात पाहून खात्री करून घ्यावी.

सराव कशावर करावा? पावसाच्या पत्रकावर

तरवा, म्हणजे भाताची रोपे, कितीही जोमदार वाढला तरी तो उपटून चिखलात लावला नाही तर त्याला लोंब्या धरत नाहीत. यादीतला शब्द हा तरवा आहे. त्याची लावणी वाक्यात व्हावी लागते. ती कुठल्या वाक्यांत करावी, याचे माझे पहिले उत्तर पाठ्यपुस्तक हे आहे आणि दुसरे जरा अनपेक्षित आहे: भारतीय हवामान विभागाचे रोजचे इंग्रजी पत्रक.

जून ते सप्टेंबर कोकणात ते घरोघरी चर्चेचा विषय असते. ‘हेवी टू व्हेरी हेवी रेनफॉल ॲट आयसोलेटेड प्लेसेस ओव्हर कोकण अँड गोवा’ यासारखे वाक्य पाहा. यातला प्रत्येक शब्द साधा दिसतो, आणि प्रत्येकाला काटेकोर अर्थ आहे. चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस म्हणजे ‘हेवी’, ११५.६ ते २०४.४ म्हणजे ‘व्हेरी हेवी’, आणि त्याहून अधिक म्हणजे ‘एक्स्ट्रीमली हेवी’. ‘आयसोलेटेड’ म्हणजे त्या विभागातल्या २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर. ‘स्कॅटर्ड’ म्हणजे २६ ते ५०, ‘फेअरली वाइडस्प्रेड’ म्हणजे ५१ ते ७५ आणि ‘वाइडस्प्रेड’ म्हणजे ७६ ते १०० टक्के केंद्रांवर. मराठी पत्रकात यांच्या जागी ‘तुरळक ठिकाणी’, ‘काही ठिकाणी’, ‘बऱ्याच ठिकाणी’ असे शब्द येतात. दोन्ही पत्रके शेजारी ठेवून वाचली की शास्त्रीय भाषेत नेहमीचा शब्द कसा मापात बसवतात हे दिसते, आणि सकाळी वाचलेला शब्द संध्याकाळी खिडकीतून खराही ठरतो. ‘आयसोलेट’ आणि ‘वाइडस्प्रेड’ हे दोन्ही त्या ५७० मध्ये आहेत. आता विषय निघालाच आहे तर हेही सांगतो की ‘मान्सून’ हा इंग्रजी शब्द आणि आपला ‘मोसम’ हे दोघेही ऋतू या अर्थाच्या एकाच अरबी शब्दाचे वंशज आहेत.

पत्रकातून आणखी एक धडा मिळतो, तो शब्दांच्या संगतीचा. आपण ‘मुसळधार पाऊस’ म्हणतो आणि ‘कडक चहा’ म्हणतो. ‘मुसळधार चहा’ म्हटले तर लोक हसतील. इंग्रजीतही पाऊस ‘हेवी’ असतो आणि चहा ‘स्ट्राँग’. ‘स्ट्राँग रेन’ला व्याकरण अडवत नाही, पण ते इंग्रजी कानाला खटकते. त्यामुळे शब्द वहीत एकटा उतरवू नये. तो ज्या शब्दाबरोबर भेटला, त्याच्यासह जोडीने उतरवावा.

पण पाठांतराशिवाय लक्षात कसे राहणार?

पाठांतराला विरोध नाही. पाढे पाठ केलेल्या पिढीला त्याचे मोल सांगायला नको. प्रश्न आहे तो पाठांतराच्या रीतीचा. शब्द आणि अर्थ पुन्हा पुन्हा वाचत राहणे वेगळे, आणि अर्थ झाकून तो स्वतःच्या डोक्यातून बाहेर काढणे वेगळे. अमेरिकेतील कार्पिकी आणि रोडिगर या मानसशास्त्रज्ञांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना स्वाहिली भाषेतले ४० शब्द इंग्रजी अर्थांसह शिकवले. एकदा आठवला तरी त्या शब्दाची पुन्हा पुन्हा परीक्षा ज्यांना द्यावी लागली, त्यांना आठवड्यानंतर सुमारे ८० टक्के शब्द आठवले. एकदा बरोबर सांगितलेला शब्द ज्यांच्या परीक्षेतून वगळला गेला, त्यांना सुमारे एक तृतीयांश. वगळलेल्या शब्दांचे वाचन काहींनी चालू ठेवले होते, त्याचा जवळजवळ काहीच फायदा झाला नाही. गंमत म्हणजे आपल्याला किती आठवेल असे आधी विचारले, तेव्हा सगळ्या गटांनी साधारण निम्मे असेच उत्तर दिले होते. वाचताना येते असे वाटणे आणि खरोखर येणे यांतले अंतर शिकणाऱ्याला स्वतःला दिसत नाही.

यावरचा उपाय स्वस्त आहे. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून चिठ्ठ्या कराव्यात. एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ आणि एक वाक्य. खोक्यात तीन कप्पे करावेत. पहिल्या कप्प्यातल्या चिठ्ठ्या रोज पाहायच्या, दुसऱ्यातल्या तीन दिवसांनी, तिसऱ्यातल्या आठवड्याने. अर्थ न पाहता सांगता आला तर चिठ्ठी पुढच्या कप्प्यात जाते, चुकला तर मुकाट्याने पहिल्यात परत येते. सेबास्टियन लाइटनर या लेखकाने १९७० च्या दशकात रूढ केलेल्या पद्धतीचे हे घरगुती रूप आहे. रोज पाच नवे शब्द घेतले तर ५७० शब्दकुलांना ११४ दिवस लागतात. रोज वीस घेऊन आठवड्यात कंटाळण्यापेक्षा हे बरे.

मराठीत अर्थ लिहिला तर इंग्रजीत विचार करण्याची सवय कशी लागेल?

हा आक्षेप अनेक शिक्षकही घेतात, आणि मला तो पटत नाही. ‘अझ्यूम’ या शब्दाचा इंग्रजी अर्थ इंग्रजी शब्दकोशात पाहिला तर त्या अर्थातही दोन अनोळखी शब्द निघतात. ‘गृहीत धरणे’ म्हटले की काम एका क्षणात होते. भूमितीत ‘पक्ष, साध्य, सिद्धता’ लिहिलेल्या मुलाकडे तर्काची सगळी हत्यारे मराठीतून तयार आहेत. चांगल्या खुंटावर कलम बांधावे तसा नवा शब्द या जुन्या कल्पनेवर बांधायचा. देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर यांनी १८३२ साली ‘दर्पण’ सुरू केले, तेव्हा इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारी शेजारीच छापला होता.

एक मर्यादा मात्र खरी आहे. एका इंग्रजी शब्दाला नेहमी एकच मराठी शब्द पुरत नाही. ‘सिग्निफिकंट’ म्हणजे ‘महत्त्वाचे’ हे ठीक; पण संख्याशास्त्रात त्याचा अर्थ ‘निव्वळ योगायोगाने घडले असण्याची शक्यता कमी असलेले’ असा होतो. म्हणून मराठी अर्थ पहिल्या भेटीपुरता धरावा आणि पुढच्या भेटींत तो दुरुस्त होऊ द्यावा.

प्रवेश परीक्षा मराठीतून देता येते, आणि मोबाइल भाषांतर करतो, मग कशाला?

नीटची प्रश्नपत्रिका २०१७ पासून आणि जेईई मेनची २०२१ पासून मराठीत मिळते, ही चांगलीच सोय आहे. पण प्रवेश मिळाल्यानंतर पुढे येणारी बहुतेक पुस्तके इंग्रजीत असतात. मोबाइल एखाद्या शब्दासाठी उत्तम. प्रत्येक ओळीसाठी तो काढावा लागला तर वाचन होत नाही, आणि व्याख्यान चालू असताना तर तो काढताच येत नाही. इंग्रजी मालिका पाहून कान तयार होतात हे खरे. परंतु कॉक्सहेड यांनी कथा-कादंबऱ्यांचा मजकूर तपासला तेव्हा त्यात हे ५७० जेमतेम १.४ टक्के भेटले. दरजेतला माल गोष्टींत फारसा लागत नाही.

आणि खरोखरच अवघड, भारदस्त शब्दांचे काय?

परदेशी शिक्षणासाठी जाणाऱ्यांना पूर्वी याची धास्ती असे. अमेरिकेतील पदवी प्रवेशासाठीच्या एसएटी परीक्षेतून शब्दसाम्याचे प्रश्न २००५ साली गेले, आणि २०१६ पासून क्वचित भेटणाऱ्या शब्दांवर बेतलेले गाळलेल्या जागांचे प्रश्नही गेले. त्यांच्या जागी उताऱ्यातल्या शब्दाचा तिथला अर्थ विचारू लागले. पदव्युत्तर शिक्षणासाठीच्या जीआरईनेही २०११ साली सुट्या विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न वगळले, तरी तिथल्या गाळलेल्या जागांना मोठा शब्दसंग्रह अजून लागतो. ज्यांना ती परीक्षा द्यायची आहे त्यांनी तो अभ्यास पदवीच्या वर्षांत करावा. निबंधात उगाच जड शब्द पेरू नयेत, याला तर पुरावाच आहे: डॅनिएल ओपनहायमर यांच्या २००६ सालच्या प्रयोगांत साध्या शब्दांच्या जागी लांबलचक शब्द घातले, तेव्हा वाचणाऱ्यांना लेखक कमी हुशार वाटला.

काकांनी आणलेले पुस्तक टाकून देण्याची गरज नाही. ते ‘ए’पासून वाचणे थांबवावे आणि अडेल तेव्हा शब्दकोशासारखे उघडावे. चिठ्ठ्यांची सुरुवात गेल्या चाचणीच्या प्रश्नपत्रिकेपासून करावी: तिच्यातल्या संज्ञा सोडून जे जे शब्द अडले त्यांच्याखाली रेघ मारावी, आणि त्यांतले पहिले पाच आज रात्री पहिल्या कप्प्यात टाकावेत.